शिंदखेड्यात रुपया किती पैशांना सुटायचा?

फ्रेंच जवाहिऱ्या झां-बातिस्त ताव्हेर्निए याचं प्रवासवर्णन १६७६ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणाऱ्या वाटेचे मुक्काम त्याने ओळीने दिले आहेत. त्यात नंदुरबारच्या पुढे आणि थाळनेरच्या अलीकडे एक नाव येतं : ‘सेंकेरा’. पुढे चोपडा येतं आणि मग बऱ्हाणपूर. सिंदखेड नावाची गावं महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत आणि बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड राजा तर जाधवांमुळे इतिहासात अधिक प्रसिद्ध आहे. पण इथे गोंधळाला जागा नाही. नंदुरबार आणि थाळनेर यांच्या मधलं सेंकेरा म्हणजे तापीच्या दक्षिणेचं, धुळे जिल्ह्यातलं आपलं शिंदखेडाच. मुक्कामांचा क्रम हाच इथे पुरावा आहे.

ताव्हेर्निएने या गावाला नाव आणि कोसांचं अंतर यापलीकडे काही दिलेलं नाही. त्याच ग्रंथात हिंदुस्थानातल्या नाण्यांवर मात्र त्याने भरभरून लिहिलं आहे. तो हिऱ्यामोत्यांचा व्यापारी होता. कुठल्या बाजारात रुपया कितीला सुटतो, यावर त्याचा नफातोटा ठरत होता, म्हणून या बाबतीत त्याची नजर दरबारी बखरकाराहून जास्त विश्वासाची. तो सांगतो, सुरतेत आपण शेवटचे होतो तेव्हा चांदीच्या रुपयाला ४९ पैसे मिळत होते. कधी ५० मिळतात, कधी ४६ वर येतात. आग्र्याला मात्र ५५-५६ मिळतात, कारण तांब्याच्या खाणी तिथून जवळ आहेत. पैशाच्याही खालच्या मोडीसाठी गुजरातेत कडू बदाम चालतात आणि इतरत्र कवड्या. समुद्राजवळ एका पैशाला ८० पर्यंत कवड्या, आणि वाहतुकीचा खर्च चढत जाईल तशी संख्या घटून आग्र्याला ५०-५५.

आता नकाशा समोर ठेवावा. शिंदखेडा या दोन टोकांच्या मध्ये, सुरतेच्या बाजूला आहे. तिथे रुपयाचा खुर्दा किती मिळत असेल? सुरतेचे ४९ आणि आग्र्याचे ५५ घेऊन मधला आकडा काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण आग्र्याच्या आकड्यामागे खाणींचं कारण आहे आणि त्या खाणी खानदेशापासून फार दूर आहेत. तांब्यापुरतं शिंदखेडा सुरतेसारखंच वागलं असावं, म्हणजे पन्नासाच्या अलीकडेपलीकडे. हा माझा तर्क आहे. कवड्यांबाबत तर तेवढंही म्हणता येत नाही. गुजरातची हद्द जवळ असल्यामुळे तिथल्या वाण्याच्या दुकानात बदाम चालत होते की कवड्या, हेच मुळात त्याने लिहिलेलं नाही.

पण त्याच प्रकरणात एक निरीक्षण असं आहे की ते शिंदखेड्याला बिनदिक्कत लावता येतं. ज्या गावात सराफ नाही असं गाव हिंदुस्थानात अगदीच लहान असलं पाहिजे, असं तो म्हणतो. हा सराफ पैसे पाठवतो, हुंड्या लिहितो. आणि या सराफांचं प्रांताच्या अधिकाऱ्यांशी संगनमत असल्याने पैशाच्या तुलनेत रुपया आणि कवड्यांच्या तुलनेत पैसा ते मर्जीप्रमाणे चढवतात. या वाक्यापाशी थांबायला हवं. रुपयाचं वजन बादशहाची टांकसाळ ठरवत होती. रुपया किती पैशांना सुटेल हे गावातला एक माणूस ठरवत होता. मजुरी तांब्यात मिळणारा आणि सारा चांदीत भरणारा कुणबी या दोघांच्या मध्ये उभा होता.

ताव्हेर्निएच्या मागे साधारण पाऊण शतक गेलं की अबुल फझलचा ‘आईन-इ-अकबरी’ हा आधार मिळतो. या ग्रंथातली खानदेशाची नोंद तारखेच्या दृष्टीने विचित्र आहे. मूळ ग्रंथ १५९८ च्या सुमारास पुरा झाला, आणि असीरगड पडला जानेवारी १६०१ मध्ये. तरीही असीरच्या विजयानंतर काय झालं ते या नोंदीत आहे, म्हणजे ती मागाहून घातलेली आहे. सुभ्याचं नाव ‘दांदेश’ असं आहे, शहाजादा दानियालवरून ठेवलेलं.

नोंद अशी : या सुभ्याची जमाबंदी १,२६,४७,०६२ बेरारी टंके होती. असीर घेतल्यावर ती दीडपट केली आणि टंका २४ दामांचा (दाम म्हणजे अकबरी तांब्याचं नाणं) धरला. एकूण ४५,५२,९४,२३२ दाम.

हस्तलिखितांतले आकडे नकलाकारांच्या हातून बिघडतात, म्हणून असा आकडा दिसला की आधी गुणाकार करून पाहावा. १,२६,४७,०६२ ला २४ ने गुणलं तर ३०,३५,२९,४८८ येतात. त्याच्या दीडपट केलं की ४५,५२,९४,२३२. शेवटच्या दामापर्यंत हिशेब जुळतो. चारशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची बेरीज आपल्या कागदावर अशी जुळते तेव्हा आनंद होतो, तो लपवण्याचं कारण नाही. निदान इतकं निश्चित झालं की हे दोन आकडे आपल्यापर्यंत न बिघडता आले आहेत.

खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. याच ग्रंथात शेजारच्या वऱ्हाड सुभ्याबद्दल म्हटलं आहे की तिथली जमा मूळ साडेतीन कोटी टंके, म्हणजे ५६ कोटी दाम होती. भागाकार केला की एक टंका १६ दामांचा येतो. मग तोच ‘बेरारी’ टंका खानदेशात २४ दामांचा का? सोळाचे चोवीस हीसुद्धा बरोबर दीडपटच वाढ आहे. म्हणजे दीडपट दोनदा झाली का? एकदा टंक्याचा दर बदलून आणि एकदा आकारणीचा आकडा वाढवून? तसं असेल तर जुन्या १६ दामांच्या हिशेबाने २०,२३,५२,९९२ दाम असलेली जमा सव्वादोन पट झाली. मुघलांच्या आधी खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकींच्या काळात तिथे टंक्याचा दर १६ दामच होता, याला या नोंदीत आधार नाही. वऱ्हाडच्या नोंदीवरून काढलेला तो निष्कर्ष आहे. शिवाय जमा म्हणजे मागणी, वसूल नव्हे. तरीही एक गोष्ट पक्की आहे. नवा धनी आला तेव्हा त्याने शेतीवरचा बोजा वाढवताना नाण्याच्या बदलीचा दरही हिशेबात घेतला. दर ४० दामांचा एक रुपया या सरकारी भावाने ही जमा १ कोटी १३ लाख ८२ हजार ३५५ रुपयांच्या वर जाते.

‘आईन’मध्ये धान्याचे भावही आहेत. ज्वारी मणाला १० दाम, बाजरी ८, गहू १२, मीठ १६, तूप १०५. अगदी साध्या मजुराची रोजी २ दाम. अकबरी मण ४० शेरांचा आणि शेर ३० दामांच्या वजनाचा. दामाचं वजन सुमारे २०.९ ग्रॅम धरलं तर मण साधारण २५ किलोचा होतो. म्हणजे रुपयाला चार मण, जवळजवळ १०० किलो ज्वारी. आणि मजुराच्या दिवसाच्या कमाईत ५ किलो. हे भाव बादशाही छावणीच्या आणि राजधानीच्या बाजूचे आहेत. शिंदखेड्याचे म्हणून ते चालवता येणार नाहीत. मोजपट्टी म्हणून जवळ ठेवायला हरकत नाही.

या मोजपट्टीचा काहीच उपयोग होत नाही अशी दोन वर्षं लवकरच आली. १६३० साली पाऊस गेला. त्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर सुरतेहून बऱ्हाणपूरकडे याच भागातून गेला आणि वाटेवरची प्रेतं, मरणाला टेकलेली माणसं, सोडून दिलेली मुलं यांबद्दल त्याने लिहून ठेवलं. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात होता. अब्दुल हमीद लाहोरीचा ‘बादशाहनामा’ सांगतो की बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले. सोमवार हा बादशहाच्या राज्यारोहणाचा वार. असे वीस सोमवार, एकूण एक लाख रुपये.

लाहोरी दरबाराचा लेखक होता आणि बादशहाची दया दाखवणं हे त्याचं कामच होतं. त्यामुळे त्याने आकडा फुगवला असेल अशी शंका घेता येते. कमी सांगितला असेल अशी घेता येत नाही. म्हणून तो वरची मर्यादा समजावा. आता मघाचा आकडा शेजारी ठेवू या. खानदेशाची कागदोपत्री जमा एक कोटी तेरा लाखांवर, आणि वाटलेली रोकड एक लाख. शेकडा एकही पडत नाही. (जमेचा आकडा तीस वर्षं जुना, आणि लंगरांचा खर्च या लाखात धरलेला नाही, हे मान्य करूनच ही तुलना.) त्याहून मोठी अडचण निराळी होती. बाजारात धान्यच नसेल तर वाटलेल्या रुपयाने काय विकत घ्यायचं? लाहोरीच लिहितो की भाकरीच्या तुकड्यासाठी माणसं जीव द्यायला तयार होती आणि घेणारा कोणी नव्हता. नाण्यातली चांदी त्या दोन वर्षांत तसूभर कमी झाली नव्हती.

अठराव्या शतकात खानदेश मराठ्यांच्या ताब्यात आला आणि रुपयाचं एकच नाव राहिलं नाही. त्या काळचे मराठी कागद वाचणाऱ्याला हे लगेच जाणवतं : नुसतं ‘रुपये’ लिहून भागत नसे, कोणते रुपये ते लिहावं लागे. अंकुशी, चांदवडी, सुरती, मलकापुरी. चांदवडी म्हणजे होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीतला, नाशिक-खानदेशच्या बाजूला सर्वत्र ओळखीचा. खाली तांब्याची शिवराई आणि ढबू. एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीच्या हिशेबात भरला की बट्टा बसे, झिजला असला की पुन्हा बट्टा. खजिन्यात नाणं पारखून घेणारा पोतदार असे, आणि बाजारात सराफ. आज ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण सहज म्हणतो. तो शब्द या झिजलेल्या रुपयाचा आहे.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख इंग्रजांना दिला. खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला आणि धुळे मुख्य ठाणं झालं. जुन्या जातींचे रुपये मात्र लगेच गेले नाहीत. त्यांचा शेवट झाला १८३५ च्या १७ व्या कायद्याने. १ सप्टेंबर १८३५ पासून कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया : वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. बरोबर एक तोळा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाचे तीन पै. ताव्हेर्निएच्या ४६, ४९, ५५ च्या जागी ठरलेले ६४ पैसे आले. सराफाच्या हातातली मोठी सत्ता कायद्याने काढून घेतली, आणि हे काम चांगलं झालं असंच मी म्हणेन. नाणं स्थिर झालं म्हणून भाव स्थिर झाले असं मात्र नाही. १८२० नंतरची दोन-अडीच दशकं दख्खन-खानदेशात धान्याचे भाव पडलेले होते आणि सारा रोख रुपयांत ठरलेला. तोच सारा भरायला जास्त धान्य विकावं लागत होतं. मग १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव आभाळाला भिडले, चांदी खानदेशात ओतली गेली, आणि हीच साऱ्याची रक्कम एकाएकी हलकी वाटू लागली.

१८८० साली जेम्स कॅम्बेल याने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १२ वा खंड खानदेशाचा आहे. त्यात हा तालुका शोधणाऱ्याने ‘शिंदखेडा’ न शोधता ‘विरदेल’ पाहावं. तालुक्याचं नाव तेव्हा ते होतं. त्या काळच्या सरकारी कोष्टकांत भाव लिहिण्याची रीत आजच्या उलट आहे. आज आपण क्विंटलला किती रुपये असं विचारतो. तेव्हा रुपयाला किती शेर किंवा किती पौंड असं लिहीत. कोष्टकात रुपया जागचा हलत नाही. ज्वारीच कमीजास्त होते. रुपया म्हणजे एक तोळा चांदी, ही खात्री त्या मांडणीत आहे.

ती खात्री संपली ती तारीख आपल्याला नेमकी माहीत आहे : २६ जून १८९३. तोवर कोणीही चांदी मुंबईच्या टांकसाळीत नेऊन, घडणावळ देऊन, तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. घरातला चांदीचा दागिना आणि तिजोरीतला रुपया यांत फारसं अंतर नव्हतं. १८७१ च्या सुमारास लंडनमध्ये औंसाला ६० पेन्सच्या आसपास असलेली चांदी घसरत गेली, इंग्लंडला पौंडांत द्यायचे पैसे सरकारला जड झाले, आणि हर्शेल समितीच्या शिफारशीवरून टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. पुढे रुपया १६ पेन्सवर टिकवला गेला आणि चांदी घसरतच राहिली.

सहा वर्षांनी १८९९-१९०० चा दुष्काळ आला, संवत १९५६ चा; शेजारचे गुजराती त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. घरातली चांदी मोडायची वेळ आली. तिला किती मिळायला हवं होतं? १८९९ मध्ये लंडनचा भाव प्रमाण चांदीच्या औंसाला साधारण साडेसत्तावीस पेन्स. प्रमाण औंसात शुद्ध चांदी ४४४ ग्रेन. रुपयातल्या १६५ ग्रेनची किंमत या भावाने सव्वादहा पेन्सच्या आत येते, आणि रुपया १६ पेन्सचा. म्हणजे रुपयात जितकी चांदी तितक्याच चांदीचा वाळा मोडला तर दहा आण्यांच्या आसपास. आयात कर धरला तर आकडा थोडा वर जाईल. गावातल्या घेणाऱ्याची कसर धरली तर खाली येईल. हा आकडा माझ्या गणिताचा आहे, कोणा शिंदखेडेकराच्या वहीतला नाही. पण १८९३ पूर्वी त्याच वाळ्याला सोळा आण्यांच्या जवळ मिळाले असते, हे कायद्यावरूनच सिद्ध आहे. बाईच्या पायातल्या चांदीची जवळजवळ तिसरा हिस्सा किंमत एका हुकुमाने गेली, आणि सारा तर पूर्ण सोळा आण्यांच्या रुपयांत द्यायचा होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९०२ मध्ये अंदाजपत्रकावरच्या भाषणात हेच मर्म धरलं : सरकारी तिजोरीतली शिल्लक समृद्धीची नाही, चढवून ठेवलेल्या रुपयाची आहे. १९२३ साली बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा पौंडाशी दर टिकवण्यापेक्षा त्याची खरेदीची ताकद स्थिर ठेवणं महत्त्वाचं, हा त्यातला आग्रह शिंदखेड्याच्या बाजारातून पाहिला की लगेच पटतो.

पुढचा प्रवास भराभर आटोपतो. पहिल्या महायुद्धात चांदी उलटी महागली. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट आली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठी २० कोटी औंसांच्या आसपास चांदी मोकळी केली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४१ ते १९४३ दरम्यान राणीछाप आणि नंतरचे जुने रुपये चलनातून काढले. भोकाचा पैसा १९४३ चा. १९४७ च्या निकेलच्या रुपयात चांदी मुळीच उरली नाही.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा खुर्द्याचा जुना प्रश्न एकदा डोकावून गेला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचं नाणं नव्हतं. सरकारी कोष्टकाने एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ ठरवले. एक आणा चार वेळा सुटा मोडणाऱ्याचा एक नवा पैसा कमी पडत होता, पावली एकदम मोडणाऱ्याचा पडत नव्हता. १ जून १९६४ ला ‘नवा’ हा शब्द गेला, आणि ३० जून २०११ नंतर चार आणेही चलनातून गेले.

मघाची मोजपट्टी आता अलीकडच्या ज्वारीला लावू या. २०२४-२५ चा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये. म्हणजे रुपयाला सुमारे ३० ग्रॅम. अकबरी कोष्टकात १०० किलो. याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, तिच्यात हमीभावाने पावणेनऊ किलोच्या वर ज्वारी येते. अकबरी कोष्टकात ५ किलो. रुपया तीन हजार पटींहून अधिक आटला आणि मजुराची पायली काहीशी भरली. दोन्ही आकडे कागदावरचे आहेत. किरकोळ दुकानात हमीभावाने ज्वारी मिळत नाही, आणि ‘आईन’चे २ दाम वर्षातून किती दिवस हाती पडत होते ते त्या ग्रंथात नाही. नाण्याची ताकद आणि माणसाची ताकद मात्र वेगवेगळी मोजायला हवी, एवढं या दोन आकड्यांवरून म्हणता येतं.

या सगळ्या साधनांत शिंदखेड्याचा स्वतःचा आवाज नाही. पॅरिसच्या पुस्तकात गावाचं नाव आहे, आग्र्याच्या ग्रंथात सुभ्याची बेरीज, बादशाही तवारिखीत बऱ्हाणपूरचं दान, लंडनच्या कोष्टकात चांदी. मधली जागा भरू शकेल असं साधन एकच : दुकानदार, सराफ, अडते यांच्या लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या. रोजमेळ, खतावणी, मोडीतल्या याद्या. शिंदखेडा, दोंडाईचा, विरदेल, नरडाणा इथल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अशी बासनं असतील तर वाडा पाडताना ती रद्दीत घालू नका. भावाची एकेक ओळ, तिथी आणि ‘चांदवडी’ असा एखादा शब्दही पुरेसा असतो. मोडी वाचता येत नसेल तर वही उलगडू नका, पानं सुटी करू नका; आहे तशी बांधून धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात दाखवा.